पिकअपमधली शांतता

कुठलीही वस्तू सुधारायला घेऊ नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. गळणारा नळ गळू द्यावा. करकरणारं दार करकरू द्यावं. त्या वस्तूंच्या दृष्टीनं आपणही फार काही सुधारलेले नसतो, आणि त्या कधी तक्रार करत नाहीत. हे शहाणपण मला पिकअपच्या केबिनमध्ये बसून आलं. तेव्हा काचा बंद होत्या आणि श्वास घ्यायला जरा जड जात होतं, त्यामुळे ते थोडं घाईघाईत आलं असेल.

शाळांना बाकं आणि फळे पुरवणं हा माझा धंदा. त्यासाठी एक पिकअप आहे. मागे हौदा, पुढे केबिन, आणि केबिनमध्ये आवाज. खालून टायरची घरघर, पुढून इंजिनाची धडधड, दाराच्या फटीतून वाऱ्याची शीळ आणि मागून फाळक्याच्या साखळीचा खणखणाट. शेजारी बसलेल्या माणसाला काही सांगायचं असेल तर गाडी थांबवून सांगावं लागतं. बायको तिला 'गिरणी' म्हणते. मला स्वतःला या आवाजाचा कधीच त्रास नव्हता. मी बहुतेक वेळा बाकांबरोबर प्रवास करतो आणि आमचं एकमेकांशी काही बोलणं नसतं.

मग मुलीला नोकरी लागली. लांबच्या शहरात, एका मोठ्या हॉस्पिटलच्या तपासणी विभागात. संध्याकाळी ती दारातूनच ओरडत आली, बायकोनं तिला मिठी मारली, आणि मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी इतर बाप काय करतात, मला माहीत नाही. मी उठलो, टेप आणली आणि तिच्या कपाटाची उंची मोजली.

"उभं जाणार नाही, आडवं जाईल," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

दोन दिवसांनी बायकोनं मला स्वयंपाकघरात गाठलं. हातात लाटणं नव्हतं, तरी ती ओट्याला टेकून अशी उभी होती की असल्यासारखं वाटावं.

"पोरगी विचारत होती, मी जातेय याचं बाबांना काही वाटतं का."

"वाटतं की."

"मी पण तेच म्हटलं. तर म्हणाली, कपाटाचं वाटतं, माझं नाही."

मी डब्याचं झाकण उगाच घट्ट लावलं.

"अहो, तिला सोडायला तुम्हीच जाणार ना? अख्खा दिवस दोघंच गाडीत असाल. मी मुद्दाम येत नाही, मागाहून बसनं जाईन. तेवढ्यात तिला सरळ सांगायचं, तू गेलीस की मला करमणार नाही. एवढं एक वाक्य. जमेल?"

"गाडीत ऐकू येत नाही गं काही," मी म्हणालो.

हे मी सुटकेसाठी म्हणालो होतो. पण आमच्या घरात सुटकेसाठी बोललेलं प्रत्येक वाक्य काम म्हणून माझ्याकडे परत येतं. "मग आवाज कमी करून घ्या," बायको म्हणाली आणि गॅसकडे वळली. माझ्या हालअपेष्टांचं मूळ या पाच शब्दांत आहे.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी जिन्यातच उपाय सांगितला, "कानात कापूस घाला." मी त्यांना समजावलं की मला ऐकू यायला हवं आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "मग कापूस काढा." या बाई पुढेही प्रत्येक टप्प्यावर भेटल्या आणि दर वेळी त्यांचा सल्ला इतकाच सुटसुटीत होता. मी तो एकदाही ऐकला नाही, याचं आता वाईट वाटतं.

खरा सल्ला दिला तळमजल्यावरच्या हॅलोकाकांनी. काकांचं आयुष्य सभागृहांत लाउडस्पीकर लावण्यात गेलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी फोन उचलल्यावर ते अजून दोनदा 'हॅलो' म्हणून मग फुंकर मारतात. ते पिकअपभोवती हात मागे बांधून फिरले, पत्र्यावर टिचक्या मारल्या, आणि डोळे मिटून म्हणाले, "आवाज कुठून येतो?"

"टायरमधून?"

"चूक. आवाज हवेतून येतो. जिथून हवा येते तिथून आवाज येतो. हवा बंद करा, आवाज बंद." त्यांनी डोळे उघडले. "फट दिसली की बुजवायची. दयामाया नाही."

हे मला पटलं. पटण्यासारखंच होतं, आणि आजही मी काकांना खोटं पाडणार नाही. आवाजाच्या बाबतीत त्यांचं अक्षरन् अक्षर खरं होतं. त्यांनी फक्त आवाजाचाच विचार केला होता. आत माणसं बसणार आहेत हा मुद्दा त्यांच्याकडून निसटला.

मग मी आणि काका कामाला लागलो. सीट बाहेर काढली. खालच्या पत्र्यावर चिकटणारी जाड काळी शीट लावली, तिच्यावर फोम, फोमवर गालिचा. दारांची पॅनेलं उघडून आतून तेच केलं. दारांना नवं रबर लावलं. सीट काढताना तिच्या सहा बोल्टांपैकी एक हौद्यात पडला आणि तिथून कुठे गेला ते त्यालाच ठाऊक, त्यामुळे माझी सीट तेव्हापासून वळणावर किंचित नमस्कार करते. इमारतीतले लोक येता-जाता थांबत आणि "अजून झालं नाही?" असं विचारत. या प्रश्नाला जगात कुठेच समाधानकारक उत्तर नाही.

सगळं होत आलं तेव्हा सीटच्या मागच्या भिंतीत, खाली कोपऱ्यात, मला दोन चौकोनी भोकं सापडली. हाताच्या पंजाएवढी. त्यांच्यावर रबराच्या पातळ पट्ट्या होत्या, आणि त्याही सैल. बोटानं ढकललं की बाहेरच्या बाजूला उघडत होत्या. आत बाहेरचा प्रकाश दिसत होता! मी काकांना हाक मारली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून त्या भोकांकडे बघत राहिलो.

"कंपनीचा निष्काळजीपणा," काका म्हणाले.

"पट्ट्यासुद्धा नीट चिकटवलेल्या नाहीत," मी म्हणालो.

इतकी वर्षं कंपनीनं आपल्याला फसवलं, या भावनेनं मी पेटून उठलो. दोन्ही भोकांवर शीटचे दुहेरी थर दिले, वरून फोम, वरून गोंद. गोंद असा लावला की गाडी भंगारात गेली तरी ती भिंत वेगळी निघावी.

दुसऱ्या दिवशी गाडीचं दार लागेना. ओढलं की येई, शेवटच्या क्षणी उशीसारखं काहीतरी मध्ये येई, आणि दार परत उघडे. जोरात आपटलं तर कानाच्या पडद्यांवर थाप बसे आणि दार मात्र अर्धंच लागे. मी सात-आठ वेळा आपटलं. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी "कोण आहे रे तिकडे?" असं ओरडलं. हॅलोकाका मात्र धावत आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"दार लागत नाही म्हणजे काय झालं कळतंय का? गाडी हवाबंद झाली! अभिनंदन!"

काच खाली करून दार लावायचं आणि मग काच वर करायची, अशी युक्ती मी शोधून काढली. काच खाली असताना दार अलगद का लागतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण त्या वेळी मी अभिनंदन स्वीकारत होतो.

बायकोला फेरी मारायला नेलं. गाडी खरंच शांत झाली होती. टायर कुठेतरी दूर, दुसऱ्याच कुणाच्या गाडीचे असावेत तसे वाजत होते. मी अभिमानानं तिच्याकडे पाहिलं. ती कान देऊन काहीतरी ऐकत होती. मोठा आवाज गेल्यावर त्याच्याखाली दडलेले लहान आवाज बाहेर पडले होते. डॅशबोर्डमध्ये काहीतरी टिकटिकत होतं. दारात पडलेलं नाणं वळणावर घरंगळत होतं. आणि आणखी एक बारीक शीळ होती, थांबून थांबून येणारी.

"हे काय वाजतंय?" मी विचारलं.

"तुमचं नाक," बायको म्हणाली. "इतकी वर्षं संसार केला, आज कळलं."

मी थोडा वेळ तोंडानं श्वास घेतला.

"आता म्हणून दाखवा बघू," ती म्हणाली. "मी पोरगी आहे असं समजा."

मी घसा खाकरला. "तू गेलीस की," मी म्हणालो, आणि पुढे म्हणालो, "कपाटाला मागून दोरी बांधावी लागेल." बायकोनं खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. तेव्हा आमच्या लक्षात आलं की काचेवर वाफ धरली आहे आणि बाहेरचं काही दिसत नाही. पंखा लावला. पंखा जिवाच्या आकांतानं घोंगावला, पण जाळीतून वारं काही येईना. हात धरला तर आजारी माणसानं फुंकर घालावी तेवढं.

मेकॅनिककडे गेलो. त्यानं हात धरून पाहिला आणि पंख्याची मोटर गेली आहे असं सांगितलं. मोटर बदलली. नवी मोटर जुनीपेक्षा दुप्पट घोंगावू लागली आणि वारं आलं पूर्वीइतकंच, म्हणजे नाहीच. मेकॅनिकनं पुन्हा हात धरला, डोकं खाजवलं आणि "नवी आहे, बसेल हळूहळू," असं म्हणून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला. पाय तेवढे बाहेर राहिले. मी त्या पायांशी थोडा वेळ बोललो आणि मग निघालो.

त्यातच गाडीच्या वार्षिक तपासणीची तारीख आली. ती केल्याशिवाय लांब जाता येत नव्हतं. परिवहन कार्यालयात खिडकीवरच्या कारकुनानं केबिनकडे लांबूनच पाहिलं.

"गाडीत बदल केलाय."

"बदल नाही हो, आवाज कमी केलाय."

"कमी करणं हा बदलच. त्याला परवानगी लागते."

"आणि आवाज वाढवायला?"

"तो आपोआप वाढतो. त्याला नाही लागत."

शेवटी तपासनीस साहेब स्वतः उठले. ते आत बसले, मी बाहेर गाडीसमोर उभा राहिलो. कुठला दिवा लागतो ते मी सांगायचं, अशी पद्धत. साहेबांनी काच खाली करून दार लावलं, मी सांगितलं होतं तसं, आणि काच वर केली. मग ते ओठ हलवू लागले. मला काही ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावला. तेही कानाला हात लावून काहीतरी म्हणाले. मी दिव्याकडे बोट दाखवलं, त्यांनी हॉर्न वाजवला, आणि मी दचकून उडी मारली हे त्यांना आवडलं नसावं. हळूहळू समोरची काच पांढरी होत गेली आणि साहेब तिच्यामागे विरघळले. काही वेळानं एका हातानं आतून काच पुसून एक वर्तुळ केलं, त्यात एक डोळा दिसला. मग दार उघडलं आणि साहेब घामाघूम होऊन बाहेर आले.

"आवाज नाही तुमच्या गाडीत," ते रुमालानं मान पुसत म्हणाले. "पण हवासुद्धा नाही."

"मग नापास का साहेब?"

त्यांनी बराच विचार केला. "दिवे बघायचे असतात. हॉर्न, ब्रेक, काच. हवेचं कुठे काही विचारलेलं नाही." आणि त्यांनी शिक्का मारला.

या सगळ्यात जायचा दिवस उजाडला. सकाळ थंड होती. कपाट आडवं ठेवलं. गादी, टेबल, भांड्यांचं खोकं, सगळं दोरीनं बांधलं. जे मागे मावलं नाही ते केबिनमध्ये आमच्या सीटच्या पाठीमागे आणि मधे कोंबलं. मावशींनी वरून पाहिलं आणि "काचा उघड्या ठेवा गं," एवढं म्हणाल्या. बायकोनं मुलीला जवळ घेतलं, डोळे पुसले, आणि मग माझ्याकडे वळून फक्त भुवई उचलली. मी मान हलवली.

निघालो. हमरस्त्याला लागलो. आणि मी इतक्या कष्टानं तयार केलेली ती शांतता आमच्या दोघांच्या मधे येऊन बसली.

मला आधी कधी कळलं नव्हतं की गाडीच्या त्या आवाजाचे माझ्यावर किती उपकार होते. त्या घरघरीत न बोलण्याला काही अर्थ नसायचा. आता प्रत्येक क्षण मी न बोलल्याचा होता, आणि तो ऐकू येत होता. मी आवंढा गिळला, तो ऐकू आला. तिनं मांडीवरची पिशवी सरकवली, ती ऐकू आली. नाक वाजू नये म्हणून मी तोंडानं श्वास घेत होतो.

"टायरमध्ये हवा बरोबर आहे," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

बरंच अंतर गेलं.

"बाबा, गाडी छान शांत झालीय."

"हो. तुझ्यासाठीच..." मी म्हणालो, आणि वाक्य कुठे जाणार ते कळताच घाबरलो. "म्हणजे, सामानासाठी."

तिनं खिडकीकडे तोंड वळवलं. तिच्या पाठीकडे बघून मला स्वतःचा राग आला. इतकी शीट लावली, इतका फोम लावला, आणि एक वाक्य माझ्याच्यानं बोलवेना. तेवढ्यात समोरची काच पांढरी व्हायला लागली. मी रुमालानं पुसली. तिनं ओढणीनं पुसली. आम्ही पुसतोय तोवर ती परत पांढरी. शेवटी एका झाडाखाली गाडी थांबवली.

मुलगी तपासणीचंच शिकलेली, तिला लक्षणं बघायची सवय. तिनं पंखा लावला, जाळीवर हात धरला. वारं नाही. मग खिडकी दोन बोटं खाली केली. त्याबरोबर जाळीतून भस्सकन वारं आलं. काच वर केली, वारं बंद. खाली केली, सुरू. तिनं हे तीनदा केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, पंखा बिघडलेला नाही. आतली हवा बाहेर जातच नाहीये, मग बाहेरची आत येणार कुठून? या गाडीला हवा जायला कुठेतरी वाट असेल ना? मागे वगैरे?"

मी हळूच मागे वळून पाहिलं.

"मागे दोन भोकं होती," मी म्हणालो.

"होती म्हणजे?"

"बुजवली. कंपनीनं चुकून ठेवली होती."

"दोन्हीकडे, सारख्या मापाची, चुकून?"

"रबराच्या पट्ट्या होत्या त्यांच्यावर. सैल होत्या."

"सैलच हव्यात ना! हवा बाहेर ढकलली की उघडायच्या, नाहीतर बंद." ती हसायला लागली. "दार लागत नव्हतं ते म्हणून! आणि नवी मोटर घातली तुम्ही!" हसता हसता तिला खोकला आला. मी दुखावलो होतो, पण ती कितीतरी दिवसांनी माझ्यासमोर अशी हसत होती, म्हणून मी दुखावलेपण पुढे ढकललं.

भोकं उघडायला सगळं सामान उतरवावं लागलं असतं, आणि गोंदाबद्दल मी आधीच सांगितलं आहे. मग आम्ही दोन्ही काचा पूर्ण खाली केल्या आणि निघालो. सगळा आवाज परत आला. वारा, ट्रक, टायर, फाळक्याची साखळी, सगळे जुने मित्र. माझ्या मेहनतीचं पोतेरं झालं. आणि काय आश्चर्य, आम्ही बोलायला लागलो. ओरडायलाच लागलो म्हणा ना.

"तिकडे पाणी कसं आहे?" मी ओरडलो.

"चोवीस तास येतं!"

"जेवायचं?"

"स्वतः करणार!"

"कांदा तरी चिरता येतो का?"

"तुमच्यापेक्षा बरा!"

ओरडताना माणसाला चेहरा सांभाळावा लागत नाही. सगळं लक्ष फुप्फुसांकडे असतं. गोष्टीतून गोष्ट निघत गेली, तिच्या शाळेची, मी तिला सायकल शिकवताना स्वतःच पडलो त्याची. मला वाटलं, आता. आता नाही तर कधीच नाही. मी रस्त्याकडे नजर ठेवली, पोटातून श्वास घेतला आणि जीव तोडून सुरुवात केली, "तुला वाटतं मला काही वाटत नाही, पण तसं नाही!"

पुढे रस्त्याचं काम चालू होतं. एक माणूस लाल झेंडी घेऊन उभा होता आणि गाड्यांची रांग थांबली होती. मी रांगेत थांबलो आणि सवयीनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. आजूबाजूच्या सगळ्यांनी आधीच बंद केली होती. वाक्य मात्र भरधाव निघालं होतं, ते काही मला थांबवता आलं नाही.

"तू गेलीस की मला अजिबात करमणार नाही!"

माळावर एक पाखरू बोलत होतं, तेही गप्प झालं. पुढच्या बसमधल्या लोकांनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या. झेंडीवाला माझ्याकडे बघत राहिला. माझे कान तापले. आत्तापर्यंत मी माझी प्रतिष्ठा पुष्कळ ठिकाणी सांडली होती, पण अशी हमरस्त्यावर, जमावासमोर, पहिल्यांदाच.

मुलीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. ती समोर बघत होती. शेजारी स्कूटरवर एक गृहस्थ होते, पुढे भाजीची पिशवी. त्यांना वाटलं तिला ऐकू आलं नसावं. ते तिच्या खिडकीशी वाकले.

"ताई, ते म्हणतायत, तुम्ही गेलात की त्यांना अजिबात करमणार नाही."

"ऐकलं हो काका," ती म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "थँक्यू."

"नाही, म्हटलं कधीकधी राहून जातं," असं म्हणून ते सरळ झाले.

मग तिनं माझ्याकडे तोंड केलं. डोळे भरले होते आणि ओठ हसत होते. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, मला नीट ऐकू नाही आलं. परत सांगा."

झेंडी हिरवी झाली. मी गाडी सुरू केली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. टायर घरघरायला लागले, साखळी खणखणू लागली. आवाज पुरेसा झाल्याची खात्री करून घेतली, आणि मग परत सांगितलं.

तिच्या खोलीत कपाट आडवंच नेलं आणि उभं केलं. बरोबर बसलं. त्याबद्दल तिनं माझं कौतुक केलं.

परत येताना गाडीत मी एकटाच होतो. थोडं गेल्यावर आठवण झाली म्हणून दोन्ही काचा वर केल्या आणि ऐकून पाहिलं. गाडी खरोखर फार शांत झाली होती. हॅलोकाकांना सांगायला हवं. मी पुढच्या वळणापर्यंत ती शांतता सहन केली आणि काचा खाली केल्या.